मशीनला टिकली : कॉलेजच्या झेरॉक्स मशीनवरच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

फोनवर कॉल एवढाच होता, "भाऊ, ऑफिसला नवीन मॅडम लागल्यात, त्यांना मशीन दाखवून जा." दाखवायला काय लागतं, पंधरा मिनिटं, म्हणून दोन कॉलच्या मधे हा बसवला, जळगावहून बाईक काढली, एरंडोल सोडलं आणि भुरभुर लागली, अकराला कॉलेजात. मॅडम म्हणजे क्लर्क ताई, दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध. कोट्यातून लागल्यात, टायपिंग माझ्यापेक्षा फास्ट.

मी चौदा वर्षं झेरॉक्स मशीन दुरुस्तीच्या लाईनीत आहे. ड्रम, ब्लेड, फ्यूझर, पिकअप रोलर, नुसत्या आवाजावरून सांगतो काय गेलंय ते. पण पहिल्या पाच मिनिटांत मी "हे बघा ताई, इथं स्क्रीनवर" असं तीन वेळा बोललो आणि तिसऱ्या वेळी माझं मलाच ऐकू आलं. ताई काही बोलल्या नाहीत, पॅनलवर हात फिरवला आणि विचारलं, "भाऊ, ह्यात खरी बटणं किती? दाबली की खाली जाणारी?"

मला सांगता येईना. मोजली. अठरा. बाकी सगळं काचेवर.

प्राचार्य सर डोकावून गेले, म्हणे त्यांना नका त्रास देऊ, झेरॉक्स नाना मारतील. नाना म्हणजे शिपाई. ताई म्हणाल्या, "सर, ॲडमिशन चालू आहेत, नाना बँकेत गेले की खिडकीवरच्या पोराला मी काय सांगू?" सर हसले आणि गेले. मी पंधरा मिनिटांचा कॉल बंद न करता तसाच उघडा ठेवला. मालक विचारेल म्हणून ह्या नोंदी लिहायला घेतल्या.

मीटर, म्हणजे मशीनने आजवर काढलेल्या कॉपी, ३,९६,४१२.

१८ जून, बुधवार

रात्री बसून शोधलं. मला वाटलं होतं जगात कोणी केलंच नसेल, तर तसं नाही, कंपन्यांनी बरंच केलंय, आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. एचपीच्या मोठ्या ऑफिस मशीनला एक ॲक्सेसिबिलिटी असिस्टंट म्हणून जोडायचं यंत्र मिळतं, ते मेनू बोलून दाखवतं. कॅननच्या काही मॉडेलांना व्हॉइस गाइडन्सचं किट आहे, आणि वरचं झाकण बसल्या जागेवरून ओढायला एक लांब दांडा आहे. आम्हाला ट्रेनिंगमधे ह्यातलं एकही नाव घेतलं नव्हतं. अमेरिकेत सेक्शन ५०८ म्हणून नियम आहे, सरकारी खात्याला मशीन घ्यायचं तर ते दिव्यांग माणसाला वापरता यायला पाहिजे, त्यामुळे कंपन्या प्रत्येक मॉडेलचा रिपोर्ट काढून ठेवतात.

आपल्याकडेही कायदा आहेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, त्यात अपंगत्वाचे ७ चे २१ प्रकार झाले, नोकरीत ४ टक्के जागा, आणि कलम २० मधे स्पष्ट आहे की सरकारी आस्थापनेने त्या कर्मचाऱ्याला लागेल ती सोय करून द्यायची. अनुदानित संस्थाही त्यात धरली जाते. कॉम्प्युटर, मशीन वगैरेंसाठी आयएस १७८०२ नावाचं भारतीय मानकसुद्धा आहे, पहिला भाग २०२१ चा. आता मला सांगा, मी आजवर जेवढी कोटेशनं टाईप केली त्यात मिनिटाला कॉपी किती, ए-थ्री आहे का, डुप्लेक्स म्हणजे दोन्ही बाजूंची छपाई आहे का आणि पर कॉपी रेट काय, ह्याच्या पुढे कोणी विचारलेलं मला आठवत नाही. मीही कधी सांगितलं नाही, विकायची घाई.

आमचं हे मशीन सेकंडहँड, ए-थ्री मोनो. त्याला बोलणारं किट नाही. आहे त्यातच काय ते करायचं.

२३ जून, सोमवार

आधी आवाज. ॲडमिन मेनूत गेलो, की-टोन म्हणजे बटण दाबल्याचा, काम संपल्याचा, कागद संपल्याचा, मशीन तयार झाल्याचा, सगळे आवाज बंद होते. बंद मीच केले होते, इन्स्टॉलेशनच्या दिवशी, सगळीकडेच करतो, लोकांना पिक-पिक आवडत नाही. सगळे चालू केले.

मग खुणा. पाचच्या आकड्यावर कंपनीचाच एक बारीक उंचवटा असतो, तो ताईंनी माझ्याआधी शोधला. स्टार्ट मोठं गोल आहे, सापडतं. स्टॉप आणि रिसेट मात्र जुळ्या भावांसारखी शेजारी शेजारी, एकच आकार. जवळ काही नव्हतं तर ताईंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. रिसेटला एक टिकली, प्रोग्रामच्या बटणाला दोन. नाना आले, बघितलं, म्हणे "हाई टिकली कोनी लाई भो? मशीननं लगीन शे का?"

स्क्रीनवरही टिकल्या लावून बघितल्या, नाही जमलं. कारण न बघणारा माणूस आधी चाचपतो आणि मग दाबतो, आणि ह्या काचेला चाचपणं आणि दाबणं ह्यातला फरक कळत नाही, बोट टेकलं की तिने काम सुरू केलं. ताईंनी होम शोधता शोधता कॉपीचं रूपांतर फॅक्समधे केलं. म्हणून खुणा काचेवर लावायच्या नाहीत, बाजूच्या चौकटीवर लावायच्या, तेही एकाच जागेसाठी. बाकी स्क्रीन ताईंसाठी नाहीच असं धरून चालायचं.

तीन प्रोग्राम साठवले. १ म्हणजे साधी कॉपी, २ म्हणजे दोन्ही बाजू, ३ म्हणजे लीगल. दोन टिकल्या, आकडा, स्टार्ट. पहिल्याच झटक्यात ताईंनी २ नंबर काढून दाखवला.

२७ जून, शुक्रवार

फोन. "भाऊ, चाळीस बोनाफाईड निघाले आणि सगळे बारीक आलेत." गेलो. झालं काय, कुणीतरी आधी ए-थ्रीचं ए-फोर केलं होतं, ७१ टक्के, आणि मशीन तसंच सोडून गेला. बघणाऱ्याला वर ७१ दिसतं. ताईंनी कागद लावला आणि घाईत थेट स्टार्ट दाबला.

ह्यावर मी दोन तास घालवले, कारण दिसतं तेवढं सोपं नाही. मशीनमधे ऑटो-रिसेटचा टायमर असतो, इतके सेकंद कुणी हात लावला नाही की सगळं मूळ पदावर. तो कमी केला तर मागच्याची घाण पुढच्याला नाही, ताईंना फायदा. पण त्याच ताई एडीएफमधे, म्हणजे कागद आपोआप ओढणाऱ्या वरच्या भागात, कागद नीट लावताना, बाजूच्या पट्ट्या चाचपून सरकवताना वेळ लागतो, तोपर्यंत टायमर उडतो आणि त्यांनी बोलावलेला प्रोग्राम गायब, हेही बुधवारी झालं होतं. वाढवला की ७१ टक्केवाला प्रॉब्लेम, कमी केला की हा. एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी चावणारी सेटिंग मी पहिल्यांदा बघितली.

शेवटी तोडगा ताईंचाच. टायमर मोठा ठेवा, मी सुरुवातच रिसेटने करते, हात धुतल्याशिवाय जेवत नाही तसं. आणि क्रम उलटा केला, आधी कागद लावायचा मग रिसेट मग प्रोग्राम, म्हणजे मधे वेळच जात नाही. टायमर चार मिनिटांवर ठेवला.

एक राहिलंच होतं, झोपलेलं मशीन. एनर्जी सेव्हरमधे असताना पहिलं दाबणं फक्त उठवण्यात जातं, ते बटण मोजलं जात नाही. त्यासाठी तयार झाल्याचा टोन ऐकेपर्यंत थांबायचं. ताई म्हणाल्या आमच्या घरातला एक माणूस असाच आहे.

३ जुलै, गुरुवार

कॉम्प्युटरची बाजू. ताई एनव्हीडीए वापरतात, फुकटचा स्क्रीन रीडर आहे, मराठीही वाचतो, आवाज रोबोटसारखा आहे पण त्यांनी तो एवढा फास्ट ठेवलाय की मला एक शब्द कळत नाही.

माझ्या डोक्यात भारी आयडिया होती. ह्या मशीनला रिमोट पॅनल आहे, ब्राउझरमधे मशीनची स्क्रीन जशीच्या तशी दिसते. म्हटलं झालं काम, पॅनलच टेबलावर आणून देतो. उघडलं, आणि एनव्हीडीए "ग्राफिक" म्हणालं आणि गप्प. कारण ते नुसतं चित्र आहे, त्यात अक्षरं नाहीतच. मी मनातल्या मनात आठवडाभर ह्या आयडियाची बढाई मारत होतो.

मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकला की जे साधं वेबपेज उघडतं ते मात्र वाचता आलं. टोनर किती, कुठल्या ट्रेमधे कागद नाही, जाम कुठल्या दारामागं, हे ताई आता जागेवरून ऐकतात. स्कॅनची ॲड्रेस बुकही तिथूनच भरता येते. दोन-तीन ठिकाणी नुसतं "एडिट, एडिट, बटन" येतं, रकान्याला नावच दिलेलं नाही, ते आम्ही मोजून पाठ केलं, तिसरं एडिट म्हणजे फोल्डरचा पत्ता.

प्रिंटसाठी एक जुगाड केला, तो सगळ्यांनी करावा असा आहे. ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमधे दरवेळी शिरून डुप्लेक्स शोधण्यापेक्षा तोच प्रिंटर विंडोजमधे तीनदा ॲड केला, प्रत्येकाच्या डिफॉल्ट सेटिंग वेगळ्या. एक बाजू, दोन बाजू, लीगल. नावं मुद्दाम इंग्रजी अक्षरांत आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर वेगळं, म्हणजे प्रिंटच्या खिडकीत ते एक अक्षर दाबलं की थेट तिथं. हेड क्लर्क आबांनी बघितलं आणि म्हणाले, मलाही असंच करून दे, मला त्या बारीक खिडकीतलं कुठं दिसतं.

९ जुलै, बुधवार

पाऊस धरून बसलाय. कागद ओल धरतोय, रोज जाम. रिम उघडून ठेवू नका असं मी दर पावसाळ्यात सांगतो आणि दर पावसाळ्यात रिमा उघड्याच असतात.

आज ताईंना जाम काढायला शिकवलं. ह्यात मला भीती वाटत होती ती सांगतो. जाम काढायचा म्हणजे हात आत घालून चाचपायचं, आणि फ्यूझरचा, म्हणजे टोनर वितळवून कागदावर बसवणाऱ्या भागाचा, रोलर चालू मशीनमधे १८० ते २०० डिग्रीपर्यंत तापलेला असतो. तिथं पिवळं स्टिकर आहे, गरम, हात लावू नका. स्टिकर! बघणाऱ्यासाठी.

मशीन बंद करून, पूर्ण गार होऊ देऊन, ताईंचा हात धरून सगळी दारं फिरवली. (आधी विचारलं, हात धरू का. त्या म्हणाल्या मी तुमचा धरते, ते सोपं पडतं.) कॅसेटचा (कागदाच्या खणाचा) जाम, बायपासचा (बाजूच्या ट्रेचा) जाम आणि एडीएफचा जाम, हे तीन त्यांचे. उजव्या दाराच्या आत वरचा हिरवा खटका म्हणजे फ्यूझरची हद्द, त्याच्या खाली हात चालेल, वर गेला की मागं. त्या खटक्याच्या अलीकडं एमसीलची आडवी कड बसवली, बोटाला लागली की समजायचं लक्ष्मणरेषा आली. फ्यूझरमधे अडकला तर मला किंवा नानांना हाक. ड्रम गळ्यातल्या लॉकेटने सुद्धा ओरखडतो, हे ऐकल्यावर त्यांनी लॉकेट आत टाकलं.

मीटर ४,०३,८७०.

१५ जुलै, मंगळवार

आवाज कुणीतरी शून्यावर नेला. शेजारच्या केबिनमधून तक्रार होती म्हणे. ताईंनी दिवसभर कागद संपलेल्या मशीनसमोर स्टार्ट दाबला आणि त्यांना वाटलं मशीन बंद पडलंय. आवाज मध्यम केला आणि ॲडमिन मेनूला पासवर्ड टाकला. तक्रार करणाऱ्या सरांना म्हटलं, सर, तुमच्या केबिनचा दिवा कुणी काढून नेला तर? ते काही बोलले नाहीत. पुढचं एएमसी (वार्षिक देखभाल करार) रिन्युअल त्यांच्याच सहीनं आहे, तेव्हा बघू.

आणि रिसेटची टिकली गायब. पुसणाऱ्या मावशींनी घासून काढली. तिथंही एमसील लावलं.

ह्याच खोलीत अकाउंटचे एक सर आहेत, त्यांना ऐकू कमी येतं, मशीन न वापरता नुसतं नानांना देतात. विचारल्यावर कळलं का. त्यांना बीप ऐकू येत नाही, कागद चुरगळायचा कर्रर्र आवाजही येत नाही, त्यामुळे जाम झालेला कळत नाही आणि मग सगळे त्यांच्यावर ओरडतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर काम संपल्याचा आणि एररचा मेसेज चालू केला. पाच मिनिटांचं काम होतं. ते चार वर्षं थांबले होते.

२२ जुलै, मंगळवार

बातमी ग्रंथालयापर्यंत गेली. ग्रंथपाल सर व्हीलचेअरवर असतात, म्हणाले, "माझं काय? मी तर बघू शकतो, तरी मला वापरता येत नाही." टेप घेऊन मापं काढली.

पॅनल जमिनीपासून १०८ सेंटिमीटरवर. अमेरिकेच्या नियमात हात पोचायची वरची हद्द ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर, त्या हिशोबाने आमचं मशीन पास. पण सर खुर्चीत बसले की पॅनल जवळजवळ आडवा आहे, त्यांना अक्षरं दिसत नाहीत, ट्यूबलाईटची चमक दिसते. झाकण उघडलं की त्याची कड दीड मीटरवर, बंद कसं करणार? काचेचा मागचा कोपरा, जिथं कागद टेकवायचा, तिथं हात पुरतच नाही. आणि मुळात मशीन दोन लोखंडी कपाटांच्या बेचक्यात घुसवलेलं, खुर्ची समोरून जाते पण वळत नाही. वळायला दीड मीटरचा मोकळा घेर लागतो, इथं नव्वद सेंटिमीटर.

बेचक्यात कुणी घुसवलं? मीच. प्लग तिथं होता.

३१ जुलै, गुरुवार

मशीन दाराजवळच्या भिंतीला आणलं. इलेक्ट्रिशियनने नवा पॉइंट काढून दिला, लॅनची वायर वाढवली, एक कपाट व्हरांड्यात गेलं आणि त्यावरून कॉलेजात दोन दिवस राजकारण झालं, ते इथं लिहीत नाही.

खालचं कंपनीचं स्टँड काढून सुताराकडून बुटकं करून घेतलं, अठरा सेंटिमीटर उतरलं. आता सरांना पॅनल दिसतो आणि काचेचा कोपराही निम्मा-अर्धा हाताला येतो. पण खालची कॅसेट पार जमिनीजवळ गेली, कागद भरायला नानांना वाकावं लागतं आणि आबांच्या गुडघ्यांचं तर विचारूच नका. म्हणून खालच्या कॅसेटमधे लीगल टाकला, जो महिन्यातून दोनदा भरावा लागतो, आणि रोजचा ए-फोर वर. एकाचं नीट केलं की दुसऱ्याचं थोडं बिघडतं, मशीन एकच आहे.

झाकणाला बॅगेचा जुना पट्टा बांधला, सर खालून ओढतात. बिजागरीवर ताण येईल का ही धास्ती आहे, दर व्हिजिटला बघायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

रविवारी कानबाईचा सण, सोमवारी विसर्जन, त्यामुळे कालचा कॉल आजवर गेला, निम्मं ऑफिस काल आलंच नव्हतं. नानांनी डब्यातून कानबाईच्या प्रसादाचे रोट आणले होते. आमच्याकडे ते घराबाहेरच्याला देत नाहीत म्हटलं, तर नाना म्हणाले, "तू आते घरनाच शे."

खाता खाता लक्षात आलं. नानांचा डावा हात मनगटापासून नाही, लहानपणी चारा कापायच्या यंत्रात गेला. इतकी वर्षं हेच मशीन चालवतात आणि मी त्यांना कधी विचारलंच नाही कारण त्यांनी कधी तक्रार केली नाही. आज विचारलं, तर यादीच निघाली. टोनरची बाटली दोन्ही हातांनी हलवायची असते, ते मांडीत धरून हलवतात, दोनदा पँट काळी झालीय. रिमचं वेष्टण दाताने फाडतात. सव्वादोन किलोची रिम एका हातात आणि कॅसेट ओढायला दुसरा हात नाही, म्हणून आधी कॅसेट पायाने अडवतात. आता कॅसेटच्या बाजूला रिम ठेवायला एक फळी ठोकली, आणि रिमा निम्म्या करून ठेवायच्या असं ठरलं. टोनरची बाटली मी व्हिजिटला आलो की हलवून ठेवणार, किंवा ताई हलवतील, त्या म्हणाल्या माझे दोन्ही हात शाबूत आहेत.

ह्यावरून आठवलं, झेरॉक्सचा शोध लावणारा चेस्टर कार्लसन. एका कंपनीच्या पेटंट विभागात कामाला होता, हाताने नकला उतरवायच्या, त्याला संधिवात, डोळ्याला लांबचं नीट दिसत नव्हतं, लिहिताना जीव जायचा. त्यातून त्याने २२ ऑक्टोबर १९३८ ला पहिली कोरडी कॉपी काढली. मी हे आबांना सांगितलं, त्यांचीही बोटं सकाळी आखडतात. आबा म्हणाले, मग त्याने बटणं मोठी का नाही केली?

१२ ऑगस्ट, मंगळवार

स्कॅन. आपण स्कॅन करून पीडीएफ देतो म्हणजे कागदाचा फोटो देतो, ताईंच्या स्क्रीन रीडरला तो कोरा कागद. टेसरॅक्ट नावाचं फुकट ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, आहे, त्यात मराठी आहे, ते बसवलं. स्कॅन फोल्डरमधे पडला की अक्षरं होऊन बाहेर. छापील मराठी चांगलं वाचतं, जोडाक्षरांत कधी घोळ, रबरी शिक्का अक्षरावर पडला असेल तर काहीच्या काही, आणि हाताने लिहिलेले अर्ज सोडूनच द्या.

गंमत मात्र वेगळीच झाली. वरून आलेलं एक पत्रक, पीडीएफच होतं, स्कॅन नव्हे, तरी एनव्हीडीए त्यातून मंत्र म्हणत होतं. जुन्या फाँटमधलं होतं, युनिकोड नाही, दिसायला मराठी आणि आतून इंग्रजी अक्षरांचा कचरा. ताईंनी काय केलं, ते पत्रक प्रिंट काढलं, परत स्कॅन केलं, ओसीआर केलं, आणि वाचलं. कॉम्प्युटरमधून कागदावर आणि कागदावरून परत कॉम्प्युटरमधे. मी नंतर प्रिंट न काढता थेट पीडीएफचं चित्र करून द्यायची रीत दाखवली, पण त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो.

आधार कार्डाच्या कॉपीचं राहिलं होतं, ते काचेवरच करावं लागतं आणि वाकडं पडतं. जाड पुठ्ठ्याला ८६ बाय ५४ मिलिमीटरची खिडकी कापली, पुठ्ठा कोपऱ्याला टेकवायचा, कार्ड खिडकीत. दोरीने मशीनला लटकवलाय. आता तो पुठ्ठा सगळेच वापरतात, डोळस लोकांचीही कार्डं वाकडीच पडायची.

कागदाची कुठली बाजू छापील हा प्रश्न सुटलेला नाही. ताजी प्रिंट असली तर ताईंना टोनर बोटाला थोडा लागतो, ऑफसेटवर छापलेल्या अर्जाला तोही लागत नाही. खिडकीवर बसणाऱ्याने कागद घेतानाच वरचा उजवा कोपरा जरासा दुमडायचा असं ठरलंय, अर्धे जण विसरतात. मागच्या आठवड्यात बारा कोरी पानं निघाली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा, आज लवकर आटपलं. झाकणाचा पट्टा बघितला, बिजागरी ठीक. टायमर चार मिनिटांवरच आहे, कुणी छेडला नाही. एमसीलची एक कड निघाली होती, परत बसवली.

मालकाने विचारलं ह्या एवढ्या व्हिजिटांचं बिल कुठल्या कोडमधे टाकायचं. आमच्या सॉफ्टवेअरमधे कोड आहेत ब्रेकडाउन, टोनर, इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग. इन्स्टॉलेशन टाक म्हटलं. तो म्हणे मशीन तर चार वर्षांपूर्वी बसवलं. मी म्हटलं तेव्हा नीट बसवलं नव्हतं.

निघताना खिडकीवर एक पोरगा मार्कशीट घेऊन उभा होता, नाना बँकेत. ताई उठल्या, कागद लावला, रिसेट, दोन टिकल्यांच्या जागेवरचं एमसील, एक, स्टार्ट. पोराने पाच रुपये पुढं केले, त्या म्हणाल्या सुट्टे दे, दोनच होतात.

पुढच्या व्हिजिटला पिकअप रोलर आणायचा, वरच्या कॅसेटचा घासलाय. मीटर ४,१८,२०६.